सोनेरी सर्पिलाचे खूळ

मोबाइलवर फिरणारे ते चित्र बहुतेकांनी पाहिलेले असते. शंख, सूर्यफूल, चक्रीवादळ, आकाशगंगा, माणसाचा कान; सगळ्यांवर एकच पिवळे वेटोळे चढवलेले आणि खाली निसर्गाचे गणित कसे एकच आहे याबद्दल दोन भारावलेल्या ओळी. त्यात ‘आपल्या पूर्वजांना हे सारे ठाऊक होते’ एवढी भर पडली की चित्र पुढच्या ग्रुपवर जाते. या वेटोळ्याला सोनेरी सर्पिल म्हणतात. पाव फेरा झाला की केंद्रापासूनचे त्याचे अंतर १.६१८ पट होते. भोरला जाताना लागणाऱ्या नेकलेस पॉइंटच्या फोटोवर ते बसवून पाहावे, बसते. राजगडाच्या संजीवनी माचीच्या ड्रोनचित्रावर ठेवावे; तिथेही बसते. रेघ जाड ठेवली, चित्र सोयीने कापले आणि वेटोळे जरा ताणले, की ते कुठेही बसते. म्हणूनच ते बसले याला पुरावा मानता येत नाही.

सर्पिलाशी कुणाचे भांडण असायचे कारण नाही. भोर आणि वेल्हे (या दुसऱ्या तालुक्याचे नाव आता राजगड झाले आहे) या मुलखात खरीखुरी सर्पिले आणि मळसूत्रे इतकी आहेत, की उसनी आणावी लागू नयेत. मात्र ती फोटोवर रेघ ओढून सापडत नाहीत. त्यासाठी हातात दोरा आणि पट्टी घ्यावी लागते, आणि अडचण नेमकी तिथेच आहे.

आधी गणित. सर्पिले अनेक जातींची असतात आणि त्यांतल्या दोन ओळखता आल्या तरी बरेच काम भागते. पहिली आर्किमिडीजची. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात त्याने सर्पिलांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. बिंदू एकसारख्या वेगाने केंद्रापासून दूर सरकतो आहे आणि त्याच वेळी एकसारख्या वेगाने फिरतोही आहे, अशी कल्पना केली की हे सर्पिल मिळते. त्याच्या दोन वेढ्यांमधले अंतर सगळीकडे सारखे असते. दिवाळीच्या ताटातली चकली ती हीच. दुसरी जात लॉगरिदमिक सर्पिलाची. त्यात प्रत्येक वेढ्याला अंतर ठरावीक पटीने वाढते, त्यामुळे वेढे बाहेर जाताना रुंदावतात आणि आकार मात्र लहानाचा मोठा होऊनही तोच राहतो. गोगलगाय वाढते तेव्हा जुना शंख मोडून नवा बांधत नाही. तोंडाशी थोडा जास्त रुंद थर चढवते. जुने तसेच ठेवून त्याच आकारात मोठे व्हायचे असेल, तर हे दुसरे सर्पिल आपोआप घडते. गोगलगाईला त्यासाठी गणित यावे लागत नाही.

स्वित्झर्लंडमधील बाझेलचा गणिती याकोब बर्नुली या दुसऱ्या सर्पिलाच्या इतका प्रेमात होता, की ते आपल्या थडग्यावर कोरावे अशी त्याची इच्छा होती. ‘बदलूनही मी तोच होऊन उठतो’ अशा अर्थाचे लॅटिन वचनही त्याने त्यासाठी निवडले होते. १७०५ साली तो गेला. स्मारक झाले, वचन कोरले गेले, पण पाथरवटाने वेढे सारख्या अंतरावर काढले. बाझेलच्या मोठ्या चर्चमध्ये आजही बर्नुलीच्या नावाखाली आर्किमिडीजचे सर्पिल आहे. त्या पाथरवटाला एक वेळ माफ करता येईल, कारण तो गणिताचे दाखले देत फिरत नव्हता.

आता सोन्याकडे. लॉगरिदमिक सर्पिले असंख्य असतात आणि सोनेरी हे त्यांतले फक्त एक. शंख लॉगरिदमिक आहे म्हणून तो सोनेरी ठरत नाही. नॉटिलस या सागरी जीवाच्या शंखाचा फोटो अशा प्रत्येक लेखाला लावतात. अमेरिकेतले गणिताचे प्राध्यापक क्लेमेंट फाल्बो यांनी १९९९ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयातले नॉटिलस हातात घेऊन मोजले. पाव फेऱ्याला मिळालेली पट सरासरी १.३३ होती. फरक किरकोळ वाटतो का? पूर्ण फेऱ्याचा हिशेब करा. १.३३ चा चौथा घात तीनच्या थोडा वर जातो, १.६१८ चा पावणेसातच्या पुढे. एक सर्पिल एका फेऱ्यात तिप्पट होते आणि दुसरे जवळजवळ सातपट. दोन्ही एकच आहेत असे म्हणायला डोळे मिटावे लागतात. आकाशगंगेचे तेच. सोनेरी सर्पिल वर्तुळाशी सुमारे १७ अंशांचा कोन करते. आपल्या आकाशगंगेच्या बाहूंचा कोन १२ अंशांच्या आसपास आहे, आणि इतर आकाशगंगांचे कोन त्यांच्या त्यांच्या मर्जीचे.

सोन्याची खरी जागा निराळी आहे. सूर्यफुलाच्या तबकातल्या बियांच्या ओळी मोजल्या तर एका दिशेने ३४ आणि दुसऱ्या दिशेने ५५, किंवा ५५ आणि ८९, असे जवळजवळ १.६१८ पटीतले आकडे बहुधा येतात. हे योगायोगाने होत नाही. कोंबाच्या टोकाशी नवा अंकुर आधीच्या अंकुरांपासून जिथे सर्वांत मोकळी जागा असेल तिथे फुटतो, लागोपाठच्या दोन अंकुरांमधला कोन साधारण १३७.५ अंशांवर स्थिरावतो आणि त्यातून या संख्या बाहेर पडतात. पूर्वजांचा अभिमान बाळगायचाच असेल तर तोही इथे बाळगता येतो. लघु-गुरू अक्षरांनी ठरावीक मात्रांची ओळ किती प्रकारे भरता येईल, हे मोजताना विरहांकाने आणि नंतर बाराव्या शतकात हेमचंद्राने हीच संख्यामाला मांडली. फिबोनाचीचा ग्रंथ त्यानंतरचा, १२०२ चा. पण हेमचंद्र छंद मोजत होता. त्याच्या नावावर शंख, वादळे आणि किल्ले चढवणे हा त्याचा सन्मान नव्हे.

आता भोरकडे येऊ. नेकलेस पॉइंटवर गाडी थांबवून, कठड्याशी उभे राहून फोटो काढला नाही असा प्रवासी विरळा. नदी तिथे असे काही वळण घेते की गळ्यातल्या हाराचे नाव त्या जागेला चिकटले. वळण देखणे आहे यात वाद नाही. पण ते सर्पिल नाही. बाहेरच्या काठाशी पाणी जोराने आदळते, काठ खाते. आतल्या काठाशी संथ होते, गाळ टाकते. वर्षानुवर्षे असे चालले की वळण अधिकाधिक पोट काढते. गंमत अशी की मळसूत्र तिथे आहे, फक्त फोटोत येत नाही. वळणावर पृष्ठभागाचे पाणी बाहेरच्या काठाकडे लोटले जाते, तिथे खाली दबते आणि तळातून आतल्या काठाकडे परतते. हे चालू असताना सगळा प्रवाह पुढेही जात असतो. म्हणजे पाण्याचा एखादा थेंब सरळ न जाता पिळे घेत पुढे सरकतो. बाहेरची माती आतल्या बाजूला नेणारे ते हेच. अल्बर्ट आइन्स्टाइनने १९२६ साली यावर छोटासा लेख लिहिला होता, आणि त्यात कपातला चहा ढवळल्यावर चहाची पाने कडेला न जाता मध्यभागी का गोळा होतात, तेही याच कारणाने समजावले होते. नेकलेस पॉइंटवर लावायच्या माहितीफलकावर लिहिण्यासारखे काही असेल तर ते हे आहे. कोणत्या चित्रपटाचे चित्रीकरण तिथे झाले, हे सांगायला लोक आहेतच.

या मुलखातले सर्वांत मोठे नवल मात्र रानात आहे आणि त्याचा फोटो कुणी फिरवत नाही. मुरुडशेंग. सह्याद्रीच्या पानझडी रानात वाढणारे हे झुडूप. काही भागांत त्याला केवण म्हणतात. पावसाळ्यात त्याला लाल फुले येतात, जुनी झाली की ती निळसर-करडी पडतात, आणि मधासाठी शिंजीर त्यांच्यावर येतात. त्यानंतर जे फळ धरते ते पाहण्यासारखे. फुलातले पाच कप्पे वाढता वाढता एकमेकांभोवती पिळले जातात आणि दोन-अडीच इंचांची एक घट्ट वळलेली शेंग तयार होते. वाळली की पीळ सैल होतो, कप्पे आतल्या कडेने उलतात आणि बिया गळतात. संस्कृतात तिला आवर्तनी म्हणतात आणि शास्त्रीय नावाचा पहिला भाग, हेलिक्टेरिस, हाही पिळावरूनच आलेला आहे. घराघरांत ती ठाऊक आहे ती बाळगुटीतली एक मात्रा म्हणून. पोटात मुरडा आला की पिळलेली शेंग उगाळायची, या जोडणीमागे आकाराच्या सारखेपणाचा जुना विश्वास असावा. झाडात औषधी गुण असू शकतील, त्यावर प्रयोगशाळांत कामही होते. पण शेंगेला पीळ आहे म्हणून ती पोटाचा पीळ सोडवते, हे तर्कशास्त्र सोनेरी वेटोळ्याच्याच घराण्यातले. दिसण्यावरून नाते जुळवायचे आणि तपासायचे नाही.

मुरुडशेंगेची शेंग हे मळसूत्र, सपाट सर्पिल नव्हे. सर्पिल पसरत जाते, मळसूत्र त्याच जाडीने पुढे सरकते. स्क्रू, जिना, वेल, दोर ही सगळी मळसूत्राची मंडळी. आणि याच झाडाच्या सालीचा वाख काढून पूर्वी दोर वळत. म्हणजे एकाच झाडाने पीळ दोनदा दिला, एकदा स्वतःहून आणि एकदा माणसाच्या हातून. दोर वळणाऱ्याचे कसब नीट पाहिले तर त्यात अभियांत्रिकी भरपूर आहे. प्रत्येक पेडाला एका दिशेने पीळ द्यायचा आणि मग ते पेड एकमेकांवर उलट दिशेने वळायचे. पेड उलगडू पाहतो तेव्हा दोर घट्ट होतो; दोर उलगडू पाहतो तेव्हा पेड घट्ट होतात. दोघांची ओढ एकमेकांना अडवून धरते, म्हणून गाठ न मारता दोर टिकतो. ओढ बसली की तंतू एकमेकांना आवळतात आणि वीतभर लांबीच्या वाखातून कितीही लांब दोर निघू शकतो. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, असे माणसाच्या अहंकाराबद्दल म्हणतात. दोर वळणाऱ्याला त्यात तक्रार करण्यासारखे काही वाटणार नाही.

वेलींचेही तसेच. रानातला करांदा आधाराला एका दिशेने वेढे घालतो, तर त्याच कुळातले कोनफळ उलट दिशेने. वेल सूर्यामागे फिरतो म्हणून वेढे पडतात, असे सर्रास सांगितले जाते. तसे असते तर एकाच बांधावरचे, एकाच सूर्याखालचे हे दोन भाऊबंद उलटसुलट कशाला वळले असते? दिशा जातीच्या रक्तात ठरलेली असते. ज्याला खात्री करायची असेल त्याने वेल उलगडून उलट दिशेने गुंडाळावा आणि काही दिवसांनी पाहावे. नवा कोंब आपल्याच दिशेने जाईल.

उजवे-डावे आले की प्रतीके येतात आणि प्रतीकांपाठोपाठ बाजार येतो. उजव्या सोंडेचा गणपती कडक, डाव्या सोंडेचा सौम्य, प्रदक्षिणा उजवी, कुंडलिनीचे वेढे साडेतीन, ज्यांचे वर्णन ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात येते. श्रद्धेच्या या खुणांवर इथे काही म्हणायचे नाही. पण दक्षिणावर्ती शंखाच्या नावाने जे चालते त्यावर म्हणायला हवे. पूजेचा शंख ज्या समुद्री गोगलगाईचा असतो तिची जवळजवळ सगळी घरे एकाच दिशेने वळलेली असतात. शास्त्रज्ञ शंखाचे टोक वर धरून तोंड कोणत्या बाजूला येते ते पाहतात आणि नेहमीच्या शंखाला उजवा म्हणतात. पूजा करणारे पन्हळीकडची बाजू वर धरतात, त्यामुळे त्यांच्या लेखी तोच शंख वामावर्ती होतो. परंपरेतला दुर्मिळ दक्षिणावर्ती म्हणजे शास्त्रज्ञांचा डावा. तो खरोखरच दुर्मिळ असतो, म्हणून महाग असतो, म्हणून त्याच्या नावाखाली भलतेच विकले जाते. अमेरिकेच्या किनाऱ्यावर एक वेगळीच जात आहे, जिची जवळजवळ सगळी घरे जन्मतःच त्या उलट दिशेने वळतात. तिथे त्यात दुर्मिळ काही नाही. तेच इथे दक्षिणावर्ती म्हणून देव्हाऱ्यात येऊन बसते. ओळखायची खूण सोपी आहे: आपल्या खऱ्या शंखाच्या आत मधल्या खांबावर तीन-चार ठळक आडव्या घड्या असतात, त्या परदेशी शंखात तशा नसतात. शंखाच्या आत बोट घालून पाहायला कोणतेही शास्त्र आड येत नाही.

इंजिनिअरिंगमध्ये मात्र सर्पिलावर श्रद्धा ठेवून भागत नाही, कारण आकडा चुकला की यंत्र तक्रार करते. भोर तालुक्यात भाटघरचे धरण आहे. कागदावर लॉइड धरण, जलाशयाचे नाव येसाजी कंक. साठा साडेतेवीस टीएमसी. त्याच्या पोटात एकोणिसाव्या शतकातले जुने व्हाइटिंग धरण बुडालेले आहे. विश्वेश्वरय्यांच्या पद्धतीचे स्वयंचलित दरवाजे ही त्याची ख्याती. पाणी ठरलेल्या पातळीवर चढले की दरवाजे माणसाशिवाय उघडतात. त्यात सर्पिल कुठेही नाही, वजन आणि पाण्याची तरफ एवढेच आहे, हे मुद्दाम सांगितले पाहिजे, नाहीतर त्याच्यावरही कुणी पिवळे वेटोळे काढील. धरणाच्या पायथ्याशी १६ मेगावॅटचे वीजगृह आहे. अशा धरणांच्या टर्बाइनभोवती पोलादी शंख असतो. मोठ्या नळातून आलेले पाणी चाकाभोवती फिरते आणि फिरता फिरता चहूकडून आत शिरते. जसजसे ते आत जाते तसतसे नळात पाणी कमी उरते. नळ शेवटपर्यंत तेवढाच जाड ठेवला तर पुढे पाण्याचा वेग मंदावेल आणि चाकाला एका बाजूने जास्त, दुसऱ्या बाजूने कमी धक्का बसेल. म्हणून नळ हळूहळू निमुळता करत नेतात. शेवटी तयार होतो तो शंखाचा आकार, पण शंखाची नक्कल म्हणून नव्हे; सगळीकडून पाणी सारखेच लागावे, या एका अटीतून.

याच शंखाचा धाकटा भाऊ नदीकाठच्या शेतकऱ्याकडे आहे. विहिरीवर किंवा जलाशयाच्या काठी ठेवलेल्या मोटरीच्या पंपाची केसिंग पाहा. इथे खेळ उलटा. आत फिरणारा पंखा पाणी परिघावर सगळीकडून बाहेर फेकतो, म्हणून केसिंगमधले पाणी फेऱ्याबरोबर वाढत जाते आणि वाट रुंदावत न्यावी लागते. टर्बाइनमध्ये निमुळते होत जाणारे सर्पिल पंपात फुगत जाते. पाण्याची दिशा बदलली, तत्त्व तेच. हा पंप आपल्याकडे घराघरांत पोचवणाऱ्यांत किर्लोस्करवाडीचे नाव पहिले. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलच्या माळावर जागा देणारे औंध हेही भोरसारखेच एक छोटे संस्थान होते. शेतकऱ्याने यातून लक्षात ठेवावे असे एक आहे. केसिंगचे सर्पिल एका ठरावीक प्रवाहासाठी आखलेले असते. डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह अर्धा बंद ठेवून पंप चालवला, किंवा उंचीचा हिशेब न करता शेजाऱ्याच्या पंपासारखाच पंप आणून बसवला, की आतला दाब सगळीकडे सारखा राहत नाही, पंखा एका बाजूला ढकलला जातो आणि बेअरिंग लवकर जाते. गावोगावी बेअरिंग बदलायच्या खर्चात या न मोजलेल्या सर्पिलाचा वाटा असतो. धरण भोरात, कालव्याचे पाणी मात्र बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसकडे. वर उरलेल्या गावांना उपसा करूनच पाणी घ्यावे लागते, तेव्हा निदान पंप तरी नीट निवडलेला असावा.

पाण्याच्या भोवऱ्याबद्दलही एक दंतकथा आहे. मोरीतले पाणी उत्तर गोलार्धात डावीकडे फिरत जाते, पृथ्वी फिरते म्हणून. एमआयटीच्या अॅशर शापिरो यांनी १९६२ साली हे तपासले. सहा फूट रुंदीची टाकी भरून पाणी चोवीस तास निश्चल ठेवले, मग मधले छोटे छिद्र उघडले, तेव्हा कुठे पृथ्वीचा तो अगदी हलका प्रभाव दिसला. घरच्या मोरीत तो पाणी ओतणाऱ्याच्या हाताच्या झटक्यापुढे हरवतो. पण ३ जून २०२० रोजी श्रीवर्धनजवळ धडकून पुढे पुणे जिल्ह्यात घुसलेले निसर्ग चक्रीवादळ मात्र घड्याळाच्या उलट दिशेनेच फिरत होते, कारण शेकडो किलोमीटरच्या पसाऱ्यावर तोच हलका प्रभाव निर्णायक ठरतो. एकच नियम मोरीत लागू पडत नाही आणि वादळात पडतो. फरक आहे तो फक्त आकाराचा, म्हणजे पुन्हा मोजमापाचाच.

रस्त्यांबद्दल थोडक्यात. सरळ रस्त्यावरून एकदम वर्तुळाकार वळणात शिरले तर चालकाला स्टिअरिंग झटक्याने वळवावे लागेल. म्हणून दोहोंमध्ये असा तुकडा घालतात की वळणाची वक्रता लांबीच्या प्रमाणात वाढत जाईल आणि स्टिअरिंग एकसारखे फिरवता येईल. हेही सर्पिलच, ऑयलरच्या नावाचे, चकली नव्हे आणि शंखही नव्हे. भारतीय रस्त्यांच्या मानकांत ते आहे. वरंधा घाटाच्या जुन्या वळणांना डोंगर जिथे नेईल तिथे जाण्याखेरीज पर्याय नव्हता. नीरा नदीपलीकडे खंबाटकीच्या बोगद्यानंतरचे एस वळण मात्र किती जिवांना महागात पडले हे या रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ते टाळण्यासाठी नवे जुळे बोगदे काढावे लागले.

राहता राहिले किल्ले. युरोपातल्या किल्ल्यांचे गोल जिने घड्याळाच्या दिशेने वर जातात, कारण वरून लढणाऱ्याचा उजवा हात मोकळा राहतो, ही गोष्ट आपल्याकडचे मार्गदर्शकही सांगू लागले आहेत. ती पसरली थिओडोर कुक या इंग्रज लेखकाच्या १९०२ सालच्या लेखापासून. कुक स्वतः तलवारबाज होता आणि निसर्गातल्या व कलेतल्या वक्र रेषांवर त्याने पुढे १९१४ साली जाडजूड पुस्तकही लिहिले. सोनेरी सर्पिलाच्या आजच्या चाहत्यांचा तो एक आजोबा. उलट दिशेने जाणारे कितीतरी जिने युरोपात आहेत, याकडे गोष्ट सांगणाऱ्यांनी पाहिले नाही. राजगडावर असल्या गोष्टीची गरजच नाही. संजीवनी माची वळसे घेत जाते ती डोंगराची सोंड तशी आहे म्हणून. तटामागे तट, बुरुजाला चिलखती बुरूज, मध्ये अरुंद वाट, उतरत गेलेले टप्पे. हे सारे जागा पाहून, शत्रू कुठून येईल याचा विचार करून बांधलेले आहे. २०२५ साली मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याचा भाग म्हणून राजगड जागतिक वारशाच्या यादीत गेला तो या बुद्धीमुळे. ज्यांनी तो बांधला त्यांनी कड्याचा उतार पाहिला, पाणी कुठे साठेल ते पाहिले. त्यांच्या कामावर एक तयार वेटोळे चिकटवून ‘बघा, गणित’ म्हणणे म्हणजे त्यांचे खरे गणित पुसून टाकणे आहे.

याउलट वालूरला, परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात, एक बारव आहे. तिच्या पायऱ्या विहिरीच्या भिंतीलगत फेर धरून खाली उतरतात. महाराष्ट्रातल्या बाकीच्या शेकडो बारवांहून ती वेगळी. गाळ आणि कचऱ्याने भरलेली ती बारव गावकऱ्यांनी स्वतः उपसून मोकळी केली आणि मग जगाला दिसली. मळसूत्राविषयी आदर दाखवायची ही एक पद्धत झाली.

भोर आणि राजगड तालुक्यांतल्या शाळांसाठी आणखी एक सुचवावेसे वाटते. खर्च शून्य आहे. हिवाळ्यात मुरुडशेंगा वाळू लागल्या की विज्ञानाच्या शिक्षकांनी मुलांना घेऊन रानात जावे. शेंग न तोडता, उभी धरलेली आहे असे समजून, पीळ खालून वर उजवीकडे चढतो की डावीकडे, एवढेच प्रत्येकाने पाहावे आणि वहीत दोन रकान्यांत खुणा कराव्यात. एका झुडपावरच्या सगळ्या शेंगा एकाच दिशेच्या आहेत का, शेजारच्या झुडपाचे काय, डोंगराच्या दुसऱ्या अंगाला काय, हेही लिहावे. तीन-चार शाळांनी हे केले तर हजारेक शेंगांची नोंद सहज होईल. त्या नोंदी वर्गाच्या फळ्यावर तारखेसह लिहाव्यात, आणि पुढच्या वर्षीच्या मुलांनी त्या पुन्हा तपासाव्यात.